१ फेब्रुवारी २००८ : बीकेसीच्या मैदानात लाकूड वाजलं तेव्हा

दर्याकिनारी (धागाकर्ता)

आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा ड्रमवादक निको मॅकब्रेननं ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोत शेवटचा कार्यक्रम वाजवून दौरे थांबवले. ती बातमी वाचली तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. बँड पुढेही वाजवत राहील, पण आपण पाहिली ती सहा माणसं एका मंचावर आता दिसायची नाहीत. म्हणून विनंती, की १ फेब्रुवारी २००८च्या त्या शुक्रवारी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानात जे कोणी होते, त्यातही आपल्या कोकणातून गाडी धरून जे गेले होते, त्यांनी इथे लिहावं. तेव्हाच्या मोबाइलमधले फोटो बघण्यासारखे नाहीत. आठवणी तरी एका जागी राहू देत.

सुरुवात मी करतो.

मी मालवणचा. आमच्या घरात हे संगीत माझ्या मामांनी आणलं. मामा मालवाहू बोटीवर इंजिनात ऑइलमन होते. १९८५-८६च्या सुमारास सिंगापूरला त्यांनी बँडच्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बमची कॅसेट घेतली. इंग्रजी गाणी ते ऐकत नसत. पण वेष्टनावर इजिप्तचं भलंमोठं देऊळ होतं आणि "ह्या देशाच्या कालव्यातसून आमची बोट जाता" एवढ्यासाठी त्यांनी ती उचलली.

खाऱ्या हवेत कॅसेट फार टिकत नाही. कॅसेटच्या पोटात फीत दाबून धरणारी एक बारीकशी पट्टी असते, तिच्यावर फेल्टचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. आमच्या कॅसेटची पट्टी हिरवी पडली, फेल्ट गळून गेला आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायला लागला. मामांनी ओटीवर धोतराचं फडकं पसरलं, पाच बारीक स्क्रू काढून त्यावर ओळीनं मांडले आणि अख्खी फीत उचलून डबलबारी भजनाच्या एका जुन्या कॅसेटच्या कवचात भरली. मी बाजूला श्वास रोखून बसलो होतो, कारण जोरात श्वास सोडला तरी फीत हलायची. त्या दिवसापासून आमची आयर्न मेडनची कॅसेट म्हणजे वर 'डबलबारी, भाग २' छापलेली कॅसेट. आजही ती तशीच आहे.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं १३ मिनिटांहून मोठं. कोलरिजच्या १७९८च्या कवितेवरून केलेलं: खलाशी पाखरू मारतो, भर समुद्रात वारा पडतो, चारी बाजूंना पाणी असून माणसं तहानेनं मरतात. मधे एका जागी सगळी वाद्यं विरत जातात. बेसचे दोन-चार सूर तेवढे उरतात, आणि बोटीचं लाकूड करकरल्याचा आवाज येतो. ती जागा आली की मामा बोलणं थांबवत. एकदा म्हणाले, "लोखंडाची बोट असा वाजना नाय. ह्यो आवाज आमच्या बापाशीच्या पडावाचो." लहानपणी ते वडिलांच्या पडावात, म्हणजे लाकडी होडीत, निजत. पुढे अख्खी नोकरी लोखंडी बोटींवर गेली, तिथे इंजिनाच्या धडधडीशिवाय कानांवर काही पडलं नाही आणि कानही त्यातच गेले. तो लाकडाचा आवाज त्यांना परत मिळाला तो या कॅसेटमध्ये.

२००८ला मी कुडाळहून कोकणकन्या धरली. सकाळी दादर, दुपारी मैदान. हे गाणं बँडनं वीसेक वर्षं मंचावर वाजवलेलं नव्हतं. त्या दौऱ्यात ते पुन्हा आलं, आणि दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. म्हणजे इतक्या वर्षांनी जगात ते प्रथम ऐकलं आपण, मिठी नदीच्या काठावरच्या त्या धुळीत.

मी मंचापासून पंचवीसेक हातांवर असेन. धूर खाली उतरला, दिवे मंद झाले, गायक ब्रूस डिकिन्सन फाटका अंगरखा घालून कडेला उभा. सगळं थांबलं आणि करकर ऐकू आली. तासभर घसा फोडून ओरडणारी ती हजारो माणसं गप्प झाली. माझ्या शेजारच्या मुलानं उडी मारायला उचललेले हात तसेच वर ठेवले होते. मला तिथे आमचा राजकोटचा किनारा दिसला. रात्री मतलई वारा सुटला की बांधलेल्या होड्या एकमेकींना घासतात, तो आवाज.

तिसऱ्या दिवशी मालवणला पोचलो. मामा पडवीत बसले होते. किती लोक होते, कुठे राहिलास, काय खाल्लंस, काही विचारलं नाही. मी चप्पल काढतोय तोवर त्यांचा एकच प्रश्न: "लाकूड वाजलां?"

मी "होय" म्हटलं. त्यांनी मान हलवली.

आता तुमचं सांगा.

सुरंगी

दर्याकिनारी, मी होते. मूळची वेंगुर्ल्याची, तेव्हा शिकायला मुंबईत.

आम्ही दोघी मैत्रिणी. मुली कमीच होत्या. घरच्यांना सांगायची हिंमत झाली नव्हती, ती गोष्ट मला अजून टोचते. आई नंतर म्हणाली की सांगितलं असतंस तर बाबांनी सोडलं असतं. प्रवेशापाशी आमचा पोळीभाजीचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाण्यासाठी एवढी रांग की हललो तर जागा गेली. ऊन उतरलं तरी घसा कोरडा. पुढच्या टोळक्यातल्या एकाकडे कशीबशी आत आणलेली एक बाटली होती. त्यानं ती तोंडाला लावली नाही. बाटलीचं झाकण भरून प्रत्येकाला एकेक झाकण पाणी दिलं. ओळख ना पाळख, दहा-बारा जण झालो आम्ही. माझ्या वाट्याला दोन झाकणं आली, कारण मला खोकला लागला होता.

आणि त्यानंतर तासाभरानं पाण्यावाचून मरणाऱ्या खलाशांचं ते गाणं. मला तेव्हा शब्द कळत नव्हते, अर्थ कित्येक वर्षांनी वाचला. वाचताना ते निळं झाकण डोळ्यांसमोर आलं.

गर्दीचा रेटा आला की आमच्याभोवतीची मुलं हात जोडून कडं करायची. "ताई, तुम्ही मधे थांबा." एकाही माणसानं धक्का मारला नाही, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या काळ्या टी-शर्टवाल्यांबद्दल आपल्याकडे भलतेच समज होते. सुटल्यावर रिक्षा मिळेना, तर तीच मुलं कुर्ला स्टेशनपर्यंत आमच्यासोबत चालत आली. सगळ्यांचे काळे शर्ट धुळीनं करडे झाले होते.

तांबडी माती

रत्नागिरीतून आम्ही सहा जण गेलो होतो. छान लिहिलंय दोघांनी, पण एक वेगळं मत मांडतो, राग नसावा.

ते लांबलचक गाणं मागे आमच्यापर्यंत पोचलंच नाही. आम्ही उशिरा शिरलो, पार मागे होतो. सगळं शांत झालं तेव्हा आम्हाला वाटलं आवाजाची काहीतरी तार निघाली. करकर वगैरे काही नाही, नुसती मधूनमधून बेसची घुमघुम. बरेच जण चक्क खाली बसले. मला त्या रात्रीत आठवतो तो निकोचा ढोल. ढोलच म्हणतो मी. शिमग्यात पालखी घराकडे येते तेव्हा ढोलाचा दणका आधी छातीत येतो आणि मग कानात, अगदी तसं. पालखी खांद्यावर घेऊन नाचवलेल्या माणसाला त्या मैदानात परकं वाटणं शक्यच नव्हतं. शेवटच्या भागात बँडच्या चित्रांतला तो राक्षसासारखा एडी मंचावर चालत आला, तेव्हा आमच्यातला एक रडला. मोठा बाप्या माणूस, ट्रक चालवतो. त्याला का विचारलं तर म्हणाला, पंधरा वर्षं भिंतीवरच्या चित्रात बघत होतो, आज चालला.

दर्याकिनारी

तांबडी माती, राग कसला? पण "पोचलंच नाही" हे वाचून वाईट वाटलं. एकाच मैदानात आपण दोन वेगळ्या रात्री काढल्या की काय?

ध्वनिलहरी

मी त्या कार्यक्रमाला नव्हतो, पण कुडाळ-सावंतवाडी भागात वीस वर्षं साउंडचं काम करतोय, म्हणून थोडं लिहितो. दोघंही खरं सांगताय.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १०० मीटरवर उभ्या माणसाला काठी ढोलावर पडलेली आधी दिसते आणि ठोका जवळपास ०.३ सेकंदानं ऐकू येतो. मोठ्या मैदानात मधे स्पीकरचे मनोरे लावतात, त्यांना आम्ही डिले टॉवर म्हणतो. त्यांच्यात तेवढाच उशीर मुद्दाम घालावा लागतो. नाही घातला तर मागच्या माणसाला जवळच्या मनोऱ्याचा ठोका आधी आणि मंचावरचा नंतर, असे एकाचे दोन ऐकू येतात आणि सगळ्या गाण्याचा चिखल होतो.

आता लाकडाच्या करकरीचं. तो तिखट आवाज आहे, म्हणजे वरच्या पट्टीतला. हवा अशा तिखट आवाजाला वाटेत खाऊन टाकते, आणि कोरड्या हवेत जास्तच. खर्जाला हवेचं फारसं काही वाटत नाही, तो लांबवर जातो. म्हणून पुढे उभ्या दर्याकिनारींना लाकूड ऐकू आलं आणि मागे तांबडी मातींना नुसती घुमघुम. त्यात वारा फिरता असला तर तिखट आवाज येतो-जातो, जणू कोणी दार उघडतंय आणि लावतंय. एरवी गाणं दणक्यात चालू असतं तेव्हा हे लपून जातं. शांत जागी उघडं पडतं.

हे मी शिकलो ते दशावतारात. दिवसा देवळाच्या आवारात माइक तपासला की पलीकडच्या वाडीत काही जात नाही. जमीन तापलेली असते, वरची हवा त्या मानानं गार, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. रात्री उलटं होतं. जमिनीलगतची हवा गार, वर ऊब, म्हणून आवाज खाली वाकतो आणि दोन वाड्या ओलांडून जातो. माझ्या वडिलांना घरात पडल्या पडल्या कळायचं की संकासुर इला की नाय.

माझी एकच खंत. चांगला साउंडवाला तो, जो मैदानाच्या शेवटच्या माणसापाशी जाऊन उभा राहतो. मी प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी जातो. तांबडी मातींपाशी त्या रात्री कोणीतरी जायला हवं होतं.

आंबोळी

ध्वनिलहरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचलंय. माका आतापर्यंत वाटा आमच्या वाडीतलेच कान तिखट!

मी काय त्या मैदानात गेलंय नाय. पण ह्यो एडी म्हणतास तो पोराच्या टीशर्टावर बघलंय तेव्हा माका काय नवा वाटला नाय. दहिकाल्याक रात्री एक वाजता पडद्यामागसून राक्षस येता, सगळी पोरां आवशीच्या पदरात, आणि तरी एक डोळो उघडो. भिऊक व्हया म्हणान तर आमी जावचो. तुमी लोक पण तेच्यासाठीच गेल्लास, होय मा?

तांबडी माती

ध्वनिलहरी, मनापासून आभार. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की ते गाणं कंटाळवाणं आहे. आज हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. मधली जागा पहिल्यांदा नीट ऐकली. दर्याकिनारी, माझा आधीचा अभिप्राय मागे घेतो. ढोलाबद्दलचा मात्र नाही.

आंबोळी, होय.

खाडीकाठ

थोडी माहितीची भर. तो दौरा बँडनं स्वतःच्या विमानानं केला होता. बोइंग ७५७, माणसं आणि सामान एकाच विमानात, आणि वैमानिकाच्या जागी ब्रूस डिकिन्सन स्वतः. पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम, त्यातला पहिला आपला. गायकानं रात्री दोन तास गायचं आणि पुन्हा विमान उडवून पुढच्या देशात न्यायचं, याचं मला आजही नवल वाटतं.

या टप्प्यावर २००९मध्ये माहितीपट आला, 'फ्लाइट ६६६'. त्यासोबतच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे आणि सुरुवातीचं 'एसेस हाय' मुंबईचं आहे. म्हणजे गाण्याआधी चर्चिलच्या भाषणाचा आवाज सुरू होतो तेव्हा जो गलका ऐकू येतो त्यात सुरंगी, दर्याकिनारी, तांबडी मातींचा ट्रकवाला मित्र, सगळे आहात. मी हे माझ्या मुलीला ऐकवतो तेव्हा तिला सांगतो, यात बाबांचा आवाज आहे, शोध.

दर्याकिनारी, तुमचं खलाशाचं गाणं मात्र त्यात न्यू जर्सीचं घेतलंय. मुंबईच्या करकरीचं चांगलं ध्वनिमुद्रण माझ्या पाहण्यात नाही.

सुरंगी

खाडीकाठ, हे माहीतच नव्हतं. आत्ता लावून ऐकलं. अंगावर काटा आला. आईलाही ऐकवलं, आता सांगायला हरकत नाही.

घाटमाथा

मी मुंबईला नव्हतो, त्याच्या आदल्या वर्षी बंगळूरला होतो. १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून बेळगाव, तिथून रात्रीची गाडी. बँड भारतात आलेला तो पहिलाच प्रसंग. आधी दिल्लीच्या परिक्रमा या रॉक बँडनं वाजवलं, आणि त्यांच्या व्हायोलिनला त्या गर्दीनं जी दाद दिली ती मी विसरणार नाही. आपल्या माणसांना त्या मंचावर पाहून छाती भरून आली होती.

पण त्या वेळी भर २००६च्या नव्या अल्बमवर होता. जुनी गाणी कमी. मुंबईत जवळजवळ सगळी ऐंशीच्या दशकातली मिळाली, माझ्या आठवणीप्रमाणे फक्त एक १९९२चं. मी सुट्टी मिळत नाही म्हणून मुंबई सोडली. दर्याकिनारींचा लेख वाचून आज त्याचं जास्त दुःख होतंय.

सड्यावरची वाट

अवांतर होईल, पण विचारते. असा कार्यक्रम आपल्या किनाऱ्यावर कधी होईल का? पोरांना प्रत्येक वेळी मुंबई-बंगळूर का धरावं लागतं?

ध्वनिलहरी

किनाऱ्यावर नको, ताई. मी साउंडवाला असून सांगतो. वेळासपासून खाली बऱ्याच ठिकाणी थंडीत कासवं अंडी घालायला येतात, नेमका कार्यक्रमांचा हंगाम तोच. दिव्यांनी पिल्लं चुकतात, पाण्याकडे न जाता उजेडाकडे चालत सुटतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कुठेतरी, वस्तीपासून लांब, आणि रात्री दहाच्या आत संपणारा असा करता येईल. २०००च्या नियमांप्रमाणे दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून थोड्या दिवसांपुरती राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. वीज आणि रस्ता या खऱ्या अडचणी. माणसं जमतील. आंगणेवाडीच्या जत्रेला किती माणसं जमतात ते आपण दर वर्षी बघतोच.

सड्यावरची वाट

कासवांचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. पण सड्यावरही फुलांचा हंगाम सोडूनच करा हं.

दर्याकिनारी

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. घाटमाथा, बंगळूरचा वेगळा धागा काढाच.

काल रविवारी मामांकडे गेलो होतो. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. उजवा कान पूर्ण गेलाय, डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलावं लागतं. अख्खा धागा त्यांना वाचून दाखवला, वेळ लागला. सुरंगीच्या झाकणापाशी थांबवून पुन्हा वाचायला सांगितलं. म्हणाले, त्यांच्या पहिल्या बोटीवर एकदा गोडं पाणी कमी पडलं तेव्हा बोसननं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, असंच मगानं मोजून दिलं होतं, आणि तोही शेवटी प्यायला. ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

ध्वनिलहरींचं हवेनं तिखट आवाज खाण्याचं वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाले, "हयसर पण तसाच. बारीक आवाज पयलो जाता, धडधड ऱ्हवता."

मग कॅसेट काढली. टू-इन-वन बंद पडून वर्षं झाली, म्हणून ती नुसतीच हातात घेऊन बसलो. स्क्रूंवर गंज चढलाय, पण पाचही जागेवर आहेत.

आणि धाग्यात एक दुरुस्ती करायला त्यांनी बजावून सांगितलंय. कॅसेट सिंगापूरला घेतलेली नाही. पिनांगला घेतली. बंदरासमोरच्या गल्लीत, पाऊस पडत होता.